उंबऱ्याची धून

मुलांनो, समोरची भिंत क्षणभर विसरा आणि तिथे एक डोंगर आणून ठेवा. आपल्या चिखलदऱ्यासारखाच हिरवागार, पण समुद्रापलीकडचा, अमेरिकेतला. डोंगराच्या कुशीत एक लाकडी घर आहे. घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसलाय आणि छातीशी धरलेलं चार तारांचं वाद्य गज फिरवून वाजवतोय. आता त्या सुरांना पाय फुटले असं समजा. ते ओटा उतरले, डोंगर उतरले, जहाजात बसले, मुंबईच्या बंदरात आले आणि रेल्वेने अकोल्याला पोचले. कोणी तिकीट विचारलं नाही, कोणी सामान तपासलं नाही. फक्त प्रत्येक मुक्कामावर त्यांच्या अंगावरचं एकेक काहीतरी गळत गेलं.

काय गळलं, ते देवरावला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधी त्याची ओळख करून देतो.

देवराव तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. ऐन तारुण्यात तो अकोल्याला एका अमेरिकन मिशनच्या बंगल्यावर बागेचं काम करायचा. तिथे हॅरिसन नावाचा एक साहेब इमारतींची, विहिरींची डागडुजी बघायला होता. हा साहेब डोंगराळ मुलखातला, हाडाचा शेतकरी. त्याच्याकडे एक व्हायोलिन होतं, पण तो त्याला व्हायोलिन म्हणत नसे, फिडल म्हणे. प्रार्थनेच्या खोलीत पेटी चालत असे, फिडल चालत नसे. नाचाच्या धुना म्हणजे सैतानाचं बोलावणं, असं मोठ्या पाद्रीसाहेबांचं मत होतं. म्हणून हॅरिसन साहेब दिवस कलला की गोठ्यामागे जाऊन बसे आणि बैलांना फिडल ऐकवी. आळ्याला पाणी घालायच्या निमित्ताने देवरावही तिथे जाऊन ऐकू लागला, आणि पुढे शिकू लागला.

साहेबाची सगळ्यात लाडकी धून एकच. ती सुरू करण्याआधी तो दोन खुंट्या पिळून तारा चढवून घेई. मग एका तारेवर बोटं धावत आणि शेजारची मोकळी तार एकतारीसारखी आपली घुमत राही. धून सरळ होती, लहान पोरालाही गुणगुणता येईल अशी. पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती अचानक थबकायची. दोन मात्रा नुसती तार घुमायची, साहेब टाच आपटायचा, आणि मग धून पुन्हा चालू लागायची. देवरावला वाटलं, साहेब चुकतो. काही दिवसांनी त्याच्या लक्षात आलं, की साहेब रोज त्याच जागी चुकतो.

त्याने विचारलं तेव्हा साहेब आपल्या मोडक्या हिंदीत बराच वेळ बोलत बसला. म्हणाला, ही धून आमच्या सगळ्या डोंगरात वाजते, पण प्रत्येक खोऱ्यात निराळी. पलीकडच्या खोऱ्यातले लोक वरच्या सुरापासून सुरू करतात. खालच्या गावातले ती दुप्पट जोरात पळवतात. हे थांबणं फक्त आमच्या घराचं. कुठेही, कोणीही ही धून वाजवली आणि तो इथे थांबला, की समजायचं, हा आमच्याकडून शिकला. देवरावला हे चटकन पटलं. त्याच्या आईची जात्यावरची ओवी आणि त्याच्या बायकोच्या माहेरची ओवी शब्दाने एकच होती. पण बायको ओळीच्या शेवटी असा काही हेल काढायची, की वस्तीतल्या बाया अंधारातही म्हणत, ही भागीरथा दळून राहिली.

देवरावने त्या थांबण्याला नाव दिलं, उंबरा. घरात शिरताना उंबऱ्याशी पाऊल जरा अडतं ना, तसं.

साहेबाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. ही धून त्याच्या आजोबाची, असं सगळं खोरं म्हणे. आजोबाने जत्रेत तिच्यावर बक्षिसं मिळवली होती. पण आजोबा ती शिकला होता एका काळ्या माणसाकडून. तो माणूस कोणाचा तरी गुलाम होता. मालकाच्या घरच्या नाचाला रात्रभर वाजवायचा, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी टाच आपटायचा. का आपटायचा, ते कोणी विचारलं नाही. नाव काय होतं, तेही आजोबाने सांगितलं नाही. हे ऐकून देवराव तेव्हा हसला होता. एवढी धून दिली माणसानं आणि नावाची पंचाईत.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत साहेब मायदेशी गेला. जाताना फिडल देवरावला देऊन गेला. देवराव गावी परतला आणि वस्तीच्या बाज्यात सामील झाला. बाजा म्हणजे हौस नव्हती, ते वस्तीवरचं काम होतं. पाटलाकडचं लग्न असो, पोळा असो, होळी असो, बोलावणं आलं की जायचं, मांडवाबाहेर मातीत बसायचं आणि उठ म्हणेपर्यंत वाजवायचं. सनई आणि डफड्यांमध्ये देवरावचं फिडल म्हणजे पंचक्रोशीत नवल झालं. एकदा तेल्हाऱ्याच्या एका लग्नात नवरदेवाकडच्या मंडळींतला एक कॉलेजातला मुलगा जानोशावरून, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं तिथून, उठून त्याच्यापाशी आला. त्याने ती धून पुन्हा पुन्हा वाजवून घेतली आणि स्वतः गुणगुणून पाहिली. उंबरा आला की तो दर वेळी अडखळायचा. जाताना त्याने पानात बांधलेले लाडू देवरावच्या ओंजळीत वरून सोडले.

छप्पन सालच्या दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला गेली, दीक्षा घेऊन आली, आणि आल्यावर पहिली गोष्ट ठरली ती ही, की बाजा बंद. देवरावचा मुलगा धर्मपाल त्यात सगळ्यांच्या पुढे होता. देवरावलाही ते मान्य होतं. मातीत बसून बसून त्याचे गुडघे दुखत होते, आणि गुडघ्यांपेक्षा वेगळंच काही जास्त दुखत होतं. त्याने स्वतःच्या हाताने फिडल जुन्या धोतरात गुंडाळून आढ्याला बांधलं. तेव्हा त्याच्या मनात एकदाच आलं, की डफडं पाटलाचं होतं, हे तर माझं होतं. पण त्या दिवसांत असं निवडत बसायला कोणाला सवड नव्हती, आणि निवडलं असतं तर पाटलाने उद्याच बोलावणं धाडलं असतं.

पुढे धर्मपालला अमरावतीला सरकारी कचेरीत नोकरी लागली. त्याची मुलगी विमल तिथल्या मुलींच्या शाळेत जाऊ लागली. ती अकरा वर्षांची असतानाच्या हिवाळ्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचं वाजवणं ठरलं, म्हणून देवराव एसटीने अमरावतीला आला.

तो चहा पीत होता, तेवढ्यात विमलने शाळेतून आणलेलं व्हायोलिन पेटीतून काढलं. पाटावर बसली, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवलं आणि गज ओढला. देवरावने बशी खाली ठेवली. ती धून होती. पहिली ओळ जशीच्या तशी. दुसरी ओळही तशीच, पण शेवटाला आली आणि न थांबता सरळ पुढे निघून गेली.

"कोनं शिकवली तुले?" त्याने विचारलं.

"गुर्जींनी. त्याईचीच हाय, त्याईनं बसवली." विमलने कार्यक्रमाचा छापलेला कागद दाखवला. त्यावर होतं, वऱ्हाडी लोकधून, रचना कमलाकांत गुरुजी. तिने आणखी एक मोठी बातमी दिली. नागपूरच्या आकाशवाणीवरून पाहुणे येणार होते, आणि मुलांच्या कार्यक्रमासाठी एका मुलीला निवडणार होते.

देवरावने व्हायोलिन मागून घेतलं आणि साहेबासारखं छातीशी धरलं. इतक्या वर्षांनी बोटं काठीसारखी ताठ झाली होती. तरी त्याने दुसरी ओळ वाजवली, उंबरा घेतला, टाच आपटली. विमल खदखदून हसली, आणि मग म्हणाली, पुन्हा. त्याने तिला सगळं सांगितलं. गोठा, साहेब, डोंगर, तो काळा बाबा. ती पोर हुशार. तिसऱ्या खेपेला तिचा उंबरा असा आला, की भागीरथा असती तर तिनं पोरीवरून बोटं मोडली असती.

धर्मपाल कचेरीतून आला तेव्हा दोघे वाजवत होते. तो दारातच थांबला. विमलला त्याने बजावलं, गुर्जींनी शिकवलं तसंच वाजवायचं, नवीन काही मधे घालायचं नाही. देवराव म्हणाला, सात वर्षांमागं तूच बंद करायला लावलं, आता पोरीचं वाजवणं कसं चालते तुले? धर्मपाल रागावला नाही. त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, तुमी खाली बसून वाजवत व्हते अन् लोक वर बसत. इथं हे पोरगी वर बसते अन् लोक खाली. मले तेवढंच पायजे."

पोराचं म्हणणं खरंच होतं. पण त्या कागदावरचं नावही डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विमल मंडप सजवायला शाळेत निघाली, तेव्हा तोही तिच्याबरोबर गेला. मनात एवढंच होतं, की गुरुजींनी धून सांगताना दोन नावं जास्त घ्यावीत. त्याला काही खर्च नव्हता.

कमलाकांत गुरुजी संगीताच्या वर्गात तबल्याची गादी झटकत होते. माणूस सभ्य होता. विमलचे आजोबा म्हटल्यावर त्यांनी बाकाकडे हात केला, बसा बाबा म्हणाले, पोरीच्या हाताचं कौतुक केलं. देवरावने ओळखलं. केस मागे गेले होते, चष्मा आला होता, पण जानोशावरचा तोच मुलगा.

"गुर्जी, ते धून मी तुमाले ऐकवली व्हती," देवराव म्हणाला. "तेल्हाऱ्याले, लग्नात."

गुरुजींनी आठवून पाहिलं. "तेल्हाऱ्याला गेलो होतो खरा. तिथे वाजवणारा एक जण होता. पण तो तरणाबांड होता, लाल फेट्याचा."

"तवा तुमच्या बी डोक्यावर केस व्हते, गुर्जी."

गुरुजी मनापासून हसले. देवरावलाही जरा बरं वाटलं आणि त्याने आपलं मागणं सांगितलं. देवरावकडून घेतली, देवरावनं साहेबाकडून, साहेबाच्या आजोबानं एका काळ्या माणसाकडून, एवढं सांगा. गुरुजींनी समजुतीने मान हलवली. म्हणाले, बाबा, लोकधुनेला धनी नसतो, ती सगळ्यांची असते.

"मंग कागदावर तुमचं नाव काहून?"

"कोणाचं तरी छापावं लागतंच ना," गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी भिंतीवरचं व्हायोलिन काढून देवरावच्या हातात दिलं, वाजवून दाखवा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, त्यांना खरंच ऐकायचं होतं. देवरावने वाजवलं. पहिल्या ओळीत बोट घसरलं, दुसरी बरी गेली, उंबरा आला. गुरुजींनी बोट वर केलं. "हे बघा, इथे. इथे ताल सुटतो तुमचा. तेव्हाही सुटत होता. तबलजीनं इथे काय करायचं? मी तेच नीट केलं."

"सुटत नाई, गुर्जी. थांबते ते. मुद्दाम."

"कशासाठी?"

कशासाठी, हे साहेबालाही माहीत नव्हतं.

"रागावू नका बाबा," गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "पण तुम्ही लोकांनीच ते टाकून दिलं. मी रस्त्यावर पडलेलं उचललं, धुतलं आणि घरात आणलं. नाहीतर आज ही धून कोणाला ठाऊक असती?"

रस्त्यावर नव्हतं पडलं, माझ्या घरात आढ्याला बांधलं होतं, असं देवरावला म्हणायचं होतं. पण त्या आढ्यावरच्या फिडलच्या गजाचे केस उंदरांनी कुरतडले होते, हेही त्याला ठाऊक होतं. त्याने व्हायोलिन परत दिलं. गुरुजींनी खिशातून रुमाल काढला, व्हायोलिनची मान पुसली आणि ते खुंटीला टांगलं. कदाचित ते प्रत्येकाच्याच हातानंतर पुसत असतील. देवराव मागे वळला, तर दारात विमल उभी होती, हातात पताकांची माळ घेऊन. ती किती वेळची उभी होती, कोण जाणे.

घरी जाताना वाटेत देवराव म्हणाला, गुर्जी सांगतात तसंच वाजव, माय. रेडिओवाले येऊन राहिले.

संध्याकाळी मंडप भरला. धर्मपाल इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसला, देवराव मागे दाराशी. गुरुजींनी चार शब्द बोलताना सांगितलं, की ही धून आमच्या वऱ्हाडच्या मातीतली, खेड्यापाड्यांत ओबडधोबड स्वरूपात विखुरलेली, तिला आम्ही सुबक रूप दिलं आहे. टाळ्या पडल्या. धर्मपालनेही वाजवल्या.

विमल मंचावर बसली. लोक खाली होते. तिने फार गोड वाजवलं. दुसरी ओळ शेवटाकडे आली, तशी देवरावची टाच आपोआप उचलली गेली. ती जमिनीवर आपटली तेव्हा धून केव्हाच पुढे गेली होती. समोरच्या माणसाने मागे वळून त्याच्या पायाकडे पाहिलं. पुढच्या वेळी देवरावने गुडघ्यावर हात दाबून धरला.

वाजवणं संपल्यावर नागपूरचे पाहुणे उठून मंचापाशी गेले. त्यांनी विमलच्या डोक्यावर हात ठेवला आणि समोर मायक्रोफोन होता, म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "छान. ही धून कोणाकडून शिकलीस, बाळ?"

मंडप शांत झाला. विमलने पुढच्या रांगेतल्या वडिलांकडे पाहिलं. शेजारी हात बांधून उभ्या असलेल्या गुरुजींकडे पाहिलं. मग तिची नजर दाराकडे गेली आणि देवरावच्या पागोट्यावर थांबली. देवरावला वाटलं, आता. इतका वेळ त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, की आपण अमरावतीला कशासाठी थांबलो आहोत. ते आता ठाऊक झालं.

"गुर्जींनी," विमल म्हणाली.

पुन्हा टाळ्या पडल्या. तिची निवड झाली होती. देवराव बाहेर येऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. त्याला पोरीचा राग आला नाही. एवढ्याशा जिवाने भरल्या मंडपात दुसरं काय म्हणायचं? त्याला आठवला तो हॅरिसन साहेबाचा आजोबा. त्यालाही एखाद्या जत्रेत, बक्षीस देताना, असंच कोणीतरी विचारलं असेल. लोक शांत झाले असतील. आणि मागे, दाराशी, पाय आपटणारा एक माणूस उभा असेल. त्या बिननावाच्या माणसावर देवराव तेव्हा हसला होता. आता त्याला हसणंही येईना आणि रडणंही.

सकाळची एसटी होती. धर्मपाल आणि विमल पोचवायला आले. धर्मपाल संत्री आणायला गेला, तेव्हा विमल खिडकीखाली येऊन उभी राहिली. तिने वर पाहिलं नाही.

"आबाजी, त्या काळ्या बाबाचं नाव काय व्हतं?"

"साहेबाले मालूम नव्हतं, माय."

"त्याच्या आजोबाले?"

"त्याले असन मालूम. त्यानं सांगतलं नाई."

"काहून?"

देवरावला पोरीचं मन राखायचं होतं. "कोनं इचारलंच नसन त्याले," तो म्हणाला.

विमल चपलेने माती उकरत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मले तं इचारलं व्हतं."

देवरावने खिडकीतून हात बाहेर काढला, पण तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली. धर्मपाल पळत आला, संत्र्यांची पिशवी आत दिली, आणि गाडी हलली. देवराव मागच्या काचेकडे वळून बसला. धुळीतून त्याला ते दोघे परत जाताना दिसत होते. धर्मपाल पुढे, विमल मागे.

ती नीट चालत नव्हती. चार पावलं टाकायची, थबकायची, टाच आपटायची, आणि पुन्हा चालू लागायची. देवरावला वाटलं, चपलेचा अंगठा तुटला असेल. धर्मपालने मागे वळून काहीतरी म्हटलं, बहुतेक सरळ चाल म्हणाला असेल, कारण ती क्षणभर सरळ चालली. धर्मपालने पाठ फिरवली.

मग विमलने दोन्ही चपला काढून हातात घेतल्या, चार पावलं टाकली, थबकली आणि अनवाणी टाच रस्त्यावर आपटली.